उष्टावण आणि आईचा व्यायाम एकाच महिन्यात सुरू करावा का?

धरमपेठची लेक (मूळ मत)

माझे मत असे की बाळाचे वरचे अन्न आणि आईचे वजन उतरवणे ही दोन कामे एकाच महिन्यात सुरू करू नयेत. आधी बाळाचे खाणे नीट बसू द्यावे, दोन महिने जाऊ द्यावेत आणि मग आईने स्वतःकडे वळावे.

मी प्रसूतीच्या दिवसापासून २६ आठवड्यांची रजा घेतली होती, त्यामुळे मुलीचे सहा महिने आणि माझी रजा एप्रिलच्या शेवटी एकदमच संपली. माहेरी सव्वा महिना शेकशेगडी, पोटपट्टा आणि डिंकाचे लाडू यथासांग झाले होते, अंगावर अकरा किलो जास्तीचे उरले होते, म्हणून पहाटे साडेपाचला नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या काठाने चालायला लागले आणि रात्रीची भाकरी बंद करून ताकावर भागवू लागले. त्याच आठवड्यात उष्टावण केले. पंधरा दिवसांत मुलगी रात्री तीन-तीनदा उठू लागली, चमच्याने दिलेले खिमट जिभेने बाहेर ढकलू लागली, आणि मला कार्यालयाचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात, बाकीचे सगळे दुधातूनच मिळायचे असते. मे महिन्यात पारा ४५ कडे सरकत असताना त्या दुधाशी आपण का खेळावे?

प्रतापनगरची फिजिओ

ताई, मी सहमत नाही. आपण एका वाक्यात दोन गोष्टी सांगितल्या आणि दोष मात्र चुकीच्या गोष्टीला दिला. बेताच्या चालण्याने दूध आटत नाही. अंधारी आली ती बहुधा भाकरी सोडल्यामुळे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांत ५२० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात. जिथे वाढवायचे तिथे आपण एक जेवणच वजा केले आणि वर उन्हाळ्यातला घाम. तरीही अंधारी येत राहिली, तर एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण बाळंतपणानंतर रक्त कमी असणे आपल्याकडे फारच सर्रास आढळते.

थांबण्याचीही किंमत असते, आणि ती मी रोज पाहते. गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू मधोमध दूर सरकतात आणि पट्टा घट्ट बांधल्याने ते पुन्हा बळकट होत नाहीत. पाठीवर निजून गुडघे दुमडावेत, डोके किंचित उचलावे आणि बेंबीच्या वर-खाली बोटे आडवी ठेवून पाहावे. दोन बोटांहून मोठी फट लागली किंवा मध्ये उंचवटा वर आला, तर उठाबशा आणि पोटाचे जोरकस व्यायाम तूर्त करू नयेत, फिजिओथेरपिस्टला दाखवावे. शिंकताना लघवीचा थेंब जातो, हे तर बायका वर्षानुवर्षे कोणाला सांगतच नाहीत. ओटीपोटाचा तळ आवळून सोडण्याचा व्यायाम बाळाला पाजताना, बसल्या जागी होतो. सात-साडेसात किलोचे लेकरू आपण दिवसातून किती वेळा जमिनीवरून उचलतो, हे मोजून पाहा, म्हणजे दोन महिने थांबणे किती अवघड आहे ते कळेल.

चार नातवंडांची आजी

पोरींनो, तुमच्या किलोकॅलरी मला कळत नाहीत, पण चार नातवंडांना मी डाळीच्या वरच्या पाण्यावर आणि तांदळाच्या पेजेवर वाढवले आहे, आणि आमच्या काळी तळ्याकाठी चालायला कोणी जात नव्हते. हापशीवरून दोन हंडे आणले की व्यायाम झाला. उष्टावणाला बोटभर मध चाटवायचा, पुढे सकाळी चहात भिजवलेले बिस्कीट द्यायचे. सुनेने सहा महिन्यांत बारीक व्हायची घाई कशाला करावी? वर्षभर तरी अंग भरलेलेच असू द्यावे.

त्रिमूर्तीनगरचा बाबा

आजी, आपला मान राखून सांगतो की डाळीच्या वरच्या पाण्यात पाणीच अधिक असते, डाळ भांड्याच्या तळाशी राहते. बाळाचे पोट छोटे असते, ते पाण्याने भरले तर खाण्याला जागा कुठे राहणार? आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सोपी खूण सांगितली होती: चमचा तिरपा केला तर घास ओघळून जायला नको, चमच्यावर टिकायला हवा. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, म्हणून आम्ही घट्ट वरण-भात, अंड्याचा बलक आणि कुस्करलेला पालक दिला, वर लिंबाचे थेंब, कारण आंबटामुळे लोह अंगी लागते. (नागपुरात राहून मे महिन्यात लिंबावर भागवावे लागते, संत्र्याचा हंगाम नसतो.) चहा नेमका उलटे काम करतो, तो लोह शोषू देत नाही. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही नको, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्याला बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

मूळ मताबद्दलही माझी तक्रार आहे. ताईंनी दोन्ही कामे आईचीच धरून हिशेब मांडला आहे. आमच्याकडे सकाळी आठचा घास मी भरवतो, कारण त्या वेळी बायको चालून येते. पहिले आठ दिवस मुलाने अर्धे वरण माझ्या शर्टावर थुंकले, पण नवव्या दिवशी तोंड उघडले. चमचा आईच्याच हाती असला पाहिजे असे बाळाला काही वाटत नाही.

धरमपेठची लेक

भाकरीबद्दल मी हरले, काल रात्रीपासून ती परत सुरू केली आहे. चमच्याच्या वाटणीबद्दल घरी बोलणे झाले, उत्तर अजून आलेले नाही. मे महिन्यातल्या चालण्याबद्दल मात्र मत बदललेले नाही. मृग लागेपर्यंत मी घरातच, पंख्याखाली, प्रतापनगरच्या ताईंनी सांगितलेले तेवढेच करणार. फट तपासली, बेंबीच्या वर तीन बोटे मावली असे वाटते.

प्रतापनगरची फिजिओ

तीन बोटे असतील तर याच आठवड्यात प्रत्यक्ष दाखवून घ्या. तोवर बाळाला उचलताना आधी एका कुशीवर वळून उठा, ताठ झटक्याने उठू नका.

चार नातवंडांची आजी

मध नाही देणार. लिंबाची बी काढून घ्या म्हणजे झाले.