लिव्हर-ॲक्शन रायफल वापरणाऱ्यांनो, हल्लीच्या मालाची घडण कशी वाटते? (अनुभव धागा)

मंडळी, यंदा लिव्हर-ॲक्शन रायफल घ्यायचं ठरवलंय, म्हणजे मुठीखालची दांडी (लिव्हर) खाली-वर करून पुढचं काडतूस नळीत चढवायची रायफल. व्हिसावर होतो तोवर हा विषयच काढला नव्हता. इथे अमेरिकेत व्हिसावरच्या माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड आलं आणि त्याच हिवाळ्यात टेक्सासमधल्या आमच्या शेजारच्या आजोबांनी त्यांची जुनी विंचेस्टर ९४ बाहेर काढली. रिकामी आहे याची दोनदा खात्री करून माझ्या हातात दिली. लिव्हर खाली ओढली, वर आणली. कुठे अडकणं नाही, खरखर नाही, शेवटी जड शिसवी दार बंद व्हावं तसा भरीव आवाज. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

मग दुकानात जाऊन पाच-सहा नव्या रायफली हाताळल्या. एक लोण्यासारखी चालली, शेजारचीच आत वाळू गेल्यासारखी. दुकानदार म्हणाला, १९६४च्या आधीची जुनी शोध. त्या वर्षी विंचेस्टरने खर्च वाचवायला ९४ची बनावट बदलली, घडाई करून यंत्रावर कोरलेल्या भागांच्या जागी ठोकून काढलेले पत्र्याचे भाग आले, ही गोष्ट इथल्या प्रत्येक बंदूकवाल्याला पाठ आहे. पण म्हणून त्यानंतरच्या साठ वर्षांत बनलेलं सगळंच टाकाऊ, हे मला पटत नाही.

ज्यांच्या घरात हल्लीच्या बनावटीची रायफल आहे त्यांनी लिहा. दस्त्याचं लाकूड लोखंडाला कसं भिडलंय, काडतुसं भरायची झडप कशी आहे, किती गोळ्या झाडल्यावर काय झालं. एकच विनंती, खराब नगाची तक्रार लिहिताना कंपनीचं नाव नको. एका नगावरून अख्ख्या कारखान्याला नावं ठेवणं बरं नाही.

पेनसिल्व्हेनियातून

माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही मार्लिन ३३६, दोन्ही थर्टी-थर्टी (.३०-३०) काडतुसाच्या. एक १९७८ची, दुसरी २०२३मध्ये घेतलेली. आमच्या राज्यात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) रायफल चालत नाही, त्यामुळे दर वर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी जंगलात लिव्हर आणि बोल्टवालेच (हाताने खिट्टी ओढून काडतूस चढवणारे) दिसतात.

जुनीच्या नळीवर रिसिव्हरजवळ (आतली यंत्रणा असते तो मधला लोखंडी भाग) 'जेएम' असा ठसा आहे, म्हणजे कनेटिकटच्या जुन्या कारखान्यातली. बाजारात या ठशाला भाव आहे. लोक दुकानात आधी तेवढंच बघतात. २०२०मध्ये रूगरने मार्लिन विकत घेतली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या मेयोडनला काम नव्याने उभं केलं. २०२१च्या शेवटी .४५-७० काडतुसाची १८९५ मॉडेलची रायफल बाहेर पडली, ३३६ त्यानंतर आली. मी ती सहा महिने वाट बघून घेतली.

आता खरं सांगतो, कुणाला राग येईल. नवी जास्त चांगली बांधलेली आहे. जुनीचं लाकूड देखणं आहे, पण दस्ता जिथे लोखंडाला भिडतो तिथे एका बाजूला केसभर फट पहिल्या मालकापासूनच असावी. नवीला अक्रोडाचं लाकूड चहूबाजूंनी सारखं बसलंय, बोट फिरवलं तर सांधा नुसता जाणवतो, टोचत नाही. लिव्हरच्या कडा गोल केल्यात. थंडीत हातमोजे काढून पंचवीस गोळ्या झाडल्या तरी बोटांच्या पेरांना त्रास नाही. जुनी अर्थात लाडकी आहे, ती विकणार नाही. पण 'जेएम आहे' एवढ्यावर डोळे मिटून पैसे मोजू नका. नळी आतून बघा, स्क्रूच्या खाचा बघा. खाचा चेचलेल्या दिसल्या तर कुणीतरी भलत्या मापाच्या पान्याने उघडून बघितलीय.

ओहायोतून

तक्रार लिहितो, नाव अर्थातच नाही. आमच्याकडे २०१४पासून हरणासाठी सरळ भिंतीच्या काडतुसांच्या (ज्यांचं कवच तोंडाशी आवळलेलं नसतं) रायफली चालतात, म्हणून .४४ मॅग्नम घेतली. नवी कोरी, खोक्यातून काढलेली. पहिल्याच दिवशी काडतुसं भरताना झडपेच्या कडेने अंगठा कापला. आठव्या काडतुसाला रक्त पुसावं लागलं. पन्नास यार्डांवर गोळ्या सगळ्या उजवीकडे.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले होते. पिंपरीच्या एका टूलरूममध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली. ते व्हिजिटर व्हिसावर, त्यामुळे रायफल मी धरली आणि त्यांनी हात मागे बांधून नुसती बघितली. एका हातात टॉर्च मात्र घेतला. नळीच्या मागून डोळा लावला आणि पाच सेकंदांत म्हणाले, "पुढची साइट (नेम धरायची खूण) कललीय. नळी आटे घेऊन बसते ना? मग जास्त आवळली गेलीय. ती फिरली की तिच्यावरचं सगळं फिरणार." मग झडपेवर उजेड टाकला. "हे मशीनवरून उतरलं तसंच पुढे गेलंय. बर (कापल्यावर राहणारी धारदार कड) काढलेला नाही. कानशीचे चार हात मारायचं काम होतं, शेवटच्या बाकावर माणूसच नव्हता की काय?" लाकूड लोखंडापेक्षा जाड नाण्याएवढं वर होतं, त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. आमच्या लहानपणी बाबा घरी आणलेल्या प्रत्येक वस्तूची खालची बाजू आधी बघायचे, मिक्सरचीसुद्धा. जिथे गिऱ्हाईक बघत नाही तिथलं फिनिशिंग बघ, म्हणायचे.

रायफल कंपनीकडे परत पाठवली. सात आठवड्यांनी आली, नळी सरळ बसवून, झडप बदलून, खर्च त्यांचा. आता चारशेच्या वर गोळ्या झाल्या, व्यवस्थित चाललीय. पण मनात राहून गेलंय की हे दोन्ही दोष कारखान्यात कुणी एकदा हातात घेऊन बघितली असती तर तिथेच सापडले असते. चांगल्या लोखंडाचं, चांगल्या आराखड्याचं काम शेवटच्या दहा मिनिटांत घालवलं. पैशांपेक्षा याचं मला जास्त वाईट वाटतं.

विस्कॉन्सिनमधून

आमच्या घरातली हेन्रीची .२२, तिचं बाळबोध मॉडेल, एच००१. मुलीला नेमबाजी शिकवायला घेतली, आता ती कॉलेजात आहे आणि रायफल मीच वापरते. आठ-एक हजार गोळ्या सहज झाल्या असतील. लोक नाकं मुरडतात की वरचं आवरण रंगवलेलं आहे, रिसिव्हर जस्ताच्या मिश्रधातूचा आहे. आहेच. पण .२२चा दाब तो किती, त्याला तो पुरून उरतो. आणि लिव्हर पहिल्या दिवसापासून इतकी हलकी होती की नऊ वर्षांच्या मुलीला खांद्यावरून न उतरवता ओढता यायची. लहान मुलाच्या हातात द्यायच्या रायफलीत मला हेच सगळ्यात मोठं वाटतं.

एक गैरसमज दूर करते. १८६०ची ती प्रसिद्ध हेन्री रायफल बेंजामिन टायलर हेन्रीची. आजची कंपनी १९९६ची, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली. नाव तेवढं तेच. दीडशे वर्षांची परंपरा म्हणून घेऊ नका, चालते कशी ते बघून घ्या.

कॅलिफोर्नियातून

विंचेस्टर ९४, पण न्यू हेवनची नाही. तो कारखाना २००६मध्ये बंद झाला. माझी जपानच्या कोची भागात मिरोकूने बनवलेली आहे. नळीवर तसं स्वच्छ लिहिलेलंही आहे. लोखंडावरचा निळसर काळा रंग असा की खिडकीची चौकट त्यात सरळ रेषेत दिसते. वाकडी-तिकडी दिसली असती तर पॉलिश करताना हात कुठे तरी जास्त दाबला गेला असं समजायचं.

दोन गोष्टी जुन्या लोकांना खटकतात. दस्त्याच्या मानेवर अंगठ्याने सरकवायचा सेफ्टीचा खटका आहे, आणि घोडा पडल्यावर किंचित मागे सरकून थांबतो. मूळ आराखड्यात हे नव्हतं. मलाही आधी नको वाटलं होतं. आता अंगठा आपोआप तिथे जातो. किमतीला मात्र ही महाग, ते कबूल.

मेलबर्नहून

१९९६नंतर आमच्याकडे सेमी-ऑटोमॅटिकवर कडक निर्बंध आले, तेव्हापासून लिव्हर-ॲक्शनला मागणी. माझी उबेर्तीची १८७३, इटलीत बनलेली, .३५७मध्ये. रिसिव्हरवर तांबूस-निळ्या ढगांसारखे रंग आहेत. आतली रचना गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्यांची, म्हणून लिव्हर इतकी मऊ. पण तोच सांधा जास्त दाबाच्या काडतुसांसाठी नाही, हे घेण्याआधी समजून घ्या. बाजूचं झाकण काढून बघितलं, आतही यंत्राचे ओरखडे जवळपास नाहीत.

मिशिगनमधून

थोडक्यात: पहिल्या पन्नास गोळ्यांनंतर सगळे स्क्रू तपासा. माझ्या रायफलीच्या लिव्हरचा स्क्रू रेंजवर निम्मा बाहेर आला होता. निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) एक थेंब लावला, पुन्हा हलला नाही. निळंच लावा, लाल लावलं तर पुढे उघडायला तापवावं लागतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ओहायोच्या बाबांचा टॉर्च मी शब्दशः नेला. दुकानात ३३६चे तीन नग होते, तिन्ही काढायला लावले, तिन्ही रिकाम्या असल्याची खात्री करून एकापाठोपाठ एक बघितल्या. पहिलीचं लाकूड सगळ्यात सुंदर, पण लिव्हर शेवटच्या इंचात अडखळत होती. दुसरीचा सांधा चोख, साइट सरळ, झडपेत बोट घातलं तर कुठे धार नाही. तिसरी काऊंटरवर ठेवली आणि दुसरी परत मागितली. दुकानदार काही म्हणाला नाही, बंदूक घेताना भरायचा ४४७३ नंबरचा फॉर्म पुढे सरकवला.

शंभर-दीडशे गोळ्या झाल्या की लिहितो. तोवर ब्राउनिंगची बीएलआर ही लिव्हर रायफल कुणाकडे असेल तर जरूर लिहा. इतर बहुतेक लिव्हर रायफलींत नळीच्या खालच्या मॅगझिनमध्ये (काडतुसं साठवायच्या नळकांड्यात) काडतुसं एकामागे एक बसतात, तिथे टोकदार कडक गोळी पुढच्याच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) टेकायची भीती. बीएलआरला सुटी पेटी आहे आणि लिव्हर दातेरी चाकांवर चालते. ती चाकं दहा वर्षांनी कशी राहतात हे वापरणाऱ्याकडून ऐकायचंय.