गाणं पडलं नाही, पाडलं

ब्रिटनच्या चार्टवर (विक्री आणि ऑनलाइन ऐकणं मोजून दर आठवड्याला लावलेली गाण्यांची क्रमवारी) एखादं गाणं पहिल्या दहातून एकदम खाली आपटलं की लोकांना कंटाळा आला असं समजावं, हे नेहमीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. कंटाळा येतो, पण एका आठवड्यात एवढा? बरेचदा ती पडझड चार्टच्या मोजणीच्या नियमांमुळे होते. मार्च २०१७ मध्ये गायक एड शीरनचा अल्बम आला आणि त्याची १६ गाणी एकदम पहिल्या विसात जाऊन बसली. लोकांनी अल्बम सलग ऐकला, दुसरं काय! त्याच जुलैत चार्टवाल्यांनी नियम बदलले. मुख्य कलाकार म्हणून एकाची तीनच गाणी टॉप १०० मध्ये. दुसरा नियम जास्त खोचक: गाणं बरेच आठवडे चार्टवर राहून सलग तीन आठवडे घसरलं, की त्याच्या स्ट्रीमचं, म्हणजे ऑनलाइन ऐकण्याचं, वजन निम्मं. तेव्हा १५० स्ट्रीमची एक विक्री धरायचे, अशा गाण्याला ३०० लागायला लागले.

मी स्पॉटिफायची रोजची यादी आणि हा साप्ताहिक चार्ट शेजारी शेजारी उघडून बघतो. तिकडे जेमतेम एक-दोन पायऱ्या उतरलेलं गाणं इकडे पार तळाला सापडतं. ऐकणारे मात्र जवळजवळ तेवढेच.