मदत हवी आहे: जास्वंदीच्या दर्शक पट्ट्या टिकवायच्या कशा?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सहावी ते आठवीला सामान्य विज्ञान शिकवतो. आम्ल-आम्लारीचा पाठ सुरू आहे. लिटमस (रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणारा दर्शक कागद) संपलाय, तालुक्याला मिळत नाही.

हळदीच्या पट्ट्या छान जमल्या. चुन्याच्या निवळीत लालभडक होतात आणि त्याच लाल पट्टीवर निंबू पिळलं की परत पिवळ्या. पण कोऱ्या हळदीच्या पट्टीवर निंबाचा काहीच परिणाम दिसत नाही, त्यामुळे पोरं साधं पाणी आणि निंबूपाणी वेगळं ओळखू शकत नाहीत. म्हणून जास्वंद हवी.

लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून अर्क काढला. ताजा असताना निंबाने गडद गुलाबी, खायच्या सोड्याने हिरवा होतो. पोरांचे डोळे तेव्हा बघण्यासारखे असतात! मात्र दुसऱ्या दिवशी अर्क तपकिरी पडून वास मारतो. गाळणकागदाच्या पट्ट्या सावलीत वाळवल्या, तर रंग इतका फिका की बदल कळत नाही. बोअरच्या जड पाण्यात अर्क आधीच निळसर येतो, म्हणून आरओच्या कॅनचं पाणी घेतलं. रंग सुधारला, टिकला नाही.

शाळेत फ्रीज नाही, ऊन कडक आहे. हाताळणार मुलं, त्यामुळे तीव्र आम्ल नको. पाण्याऐवजी स्पिरिटमध्ये अर्क काढून कागद दोन-तीनदा बुडवला तर रंग गडद बसेल का? आणि पट्ट्या महिनाभर टिकवायला कशात ठेवायच्या? स्वतः करून पाहिलेल्यांनी प्रमाणासकट सांगाल का?