मुलाला प्रभूच्या हाती सोपवलं, मग त्याला फोन करायचा की नाही?

प्रश्न : नगरची आई

प्रभूची स्तुती असो. सरळच विचारते. माझा मुलगा पुण्यात हिंजवडीकडे नोकरीला आहे, वय चोवीस. दारू पितो. आधी फक्त शनिवारी प्यायचा, आता वार उरला नाही. खोलीचं भाडं थकलं की फोन येतो आणि मी पैसे पाठवते.

पहाटे चहा ठेवायच्या आधी मी बायबल उघडते. 1 पेत्र 5:7 वाचते, सगळी चिंता त्याच्यावर टाका म्हणतात ते वचन. मुलाचं नाव घेऊन त्याला प्रभूच्या पायाशी ठेवते. आणि दहा वाजले नाहीत तोच व्हॉट्सॲप उघडून तो शेवटचा कधी दिसला ते बघत बसते.

आमच्या मंडळीतल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "एकदा दिलं की दिलं. रोज तेच मागणं म्हणजे अविश्वास." फार लागलं ते. त्याच्या वडिलांचं वेगळंच: पैसे बंद कर, फोनही बंद कर. सोपवायचं म्हणजे आई असणं थांबवायचं का? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा. नुसतं "प्रार्थनेत आठवण ठेवतो" लिहू नका, आज मला उत्तर हवंय.

वसईचे निवृत्त शिक्षक

ताई, मी कॅथलिक आहे, पण हे दोघांचंही बायबल आहे. मत्तय 26:44 काढा. गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली, आणि तेच शब्द पुन्हा बोलून केली. "माझ्या इच्छेप्रमाणे नको" हे ज्याने म्हटलं त्यालाही ते एका दमात म्हणून संपवता आलं नाही. तेव्हा रोज तेच मागता म्हणून तुमचा विश्वास कमी आहे, असं कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. आम्ही माळेवर तीच प्रार्थना पन्नास वेळा म्हणतो.

केडगावजवळची

मावशी, हन्नाचं आठवा. नवसाने झालेला शमुवेल तिने दूध तोडल्यावर शिलोच्या मंदिरात एली याजकाकडे नेऊन देवाला दिला. एवढं आपण सगळ्या जणी साक्षीत सांगतो. पुढचं सांगायचं राहतं. 1 शमुवेल 2:19 मध्ये आहे की ती दर वर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा करून न्यायची. पोर वाढतंय, अंगाला किती लागेल याचा अंदाज तिला घरी बसून घ्यावा लागत असणार. देऊन टाकलेल्या मुलासाठी शिवत होती ती, आणि देवाने तिला कुठेही रागावलेलं नाही. पण झगा देऊन ती घरी परतायची. एलीच्या डोक्यावर बसून राहिली नाही.

आमच्याकडे पंडिता रमाबाईंचं नाव घराघरात आहे. त्यांच्यामागे त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेचं काम त्यांची लेक मनोरमाबाईंनी बघायचं असं ठरलेलं होतं. 1921 मध्ये मनोरमाबाईच गेल्या. लेक गेली, आणि लेकीवर बांधलेला पुढचा बेतही गेला. रमाबाई स्वतः 5 एप्रिल 1922 ला गेल्या. मधल्या त्या महिन्यांतही बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी टाकलं नाही. त्या दिवसांत त्यांनी काय प्रार्थना केली असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

फोन करा मावशी. जेवलास का विचारा. रात्री तो कुठे आहे हे बघणं मात्र देवाकडे राहू द्या.

पिंपरीचा भाऊ

माझा धाकटा भाऊ प्यायचा, म्हणून लिहितोय. पैशाचं स्पष्ट सांगतो: त्याच्या हातात देऊ नका. भाडं द्यायचंच असेल तर घरमालकाच्या खात्यावर थेट टाका, आणि तसं मुलाला आधी सांगा. आमची आई उपास करायची आणि त्याच दिवशी त्याला पाचशेची नोट द्यायची. तिच्या मायेला मी नाव ठेवत नाही, पण त्या नोटेची दारूच यायची.

पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासून. तिथे घरच्यांशीही बोलतात. अल-अनॉनच्या सभा तर खास व्यसनी माणसाच्या नातेवाइकांसाठीच असतात. तुमचा मुलगा यायला तयार नसला तरी तुम्ही जा. यात विश्वास कमी पडला असं काही नाही. ताप आल्यावर प्रार्थनाही करतो आणि दवाखान्यातही जातोच ना आपण?

नगरची आई

तिघांचेही आभार. झग्याचं वचन मी कितीदा वाचलं असेल, पण तिथे थांबले नव्हते कधी. ह्यांना आत्ताच वाचून दाखवलं. भाडं घरमालकाला द्यायचं, यावर आमचं दोघांचं एकमत झालं. फोन रविवारी उपासनेनंतर करीन, आणि पैशाचा विषय मी काढणार नाही.

पिंपरीच्या भाऊ, अल-अनॉनची सभा नगरला भरते का? नसेल तर पुण्याला येईन. सोबत ह्यांना आणलं तर चालेल का, तेवढं कळवा.