कवळीवाल्या आईसाठी टेक्स-मेक्समध्ये काय मागवू?

कोथरूडकर: रविवारी भाचीचा वाढदिवस. तिचा हट्ट एकच, टाको-बरिटोवाल्या त्या टेक्स-मेक्स (टेक्सास-मेक्सिको धाटणीच्या) हॉटेल-साखळीतच जायचं. सोबत माझी आई, वय ७२, शाकाहारी, वरची कवळी. मागच्या खेपेला कडक टाको घेतला, पहिल्याच घासाला तो मोडला आणि सगळं सारण पैठणीवर! तेव्हापासून ती त्याला 'फुटका पापड' म्हणते. काय घेऊ?

पेठेतला: केसाडिया. मैद्याच्या पोळीत चीज घालून दुमडून भाजतात, मऊ असतो. हालापेन्यो (तिखट मिरची) नको म्हणून आधीच सांगा.

जिरेप्रेमी: बरिटो बोल घ्या, म्हणजे बरिटोचं भात-बीन्सचं सारण वाडग्यात. पोळीची भानगडच नाही, चमच्याने खायचं. पिंटो बीन्स म्हणजे राजम्याचेच भाऊबंद, शिवाय टेक्स-मेक्समध्ये जिरं सढळ हाताने असतं, त्यामुळे आईंना चव अगदीच परकी वाटणार नाही. चिपोटले सॉस मात्र टाळा, तो धुरी दिलेल्या सुक्या हालापेन्योचा, तिखट. आणि भात, बीन्स कशात शिजवलेत ते विचारा. तिकडे अमेरिकेत काही ठिकाणी बीन्स डुकराच्या चरबीत परततात, भात चिकनच्या पाण्यात शिजवतात. इथे बहुधा तसं नसेल, पण विचारायला काय जातं?

पेठेतला: नाचोज भाचीला. ते १९४०च्या दशकात टेक्सासच्या सीमेलगत, पण मेक्सिकोच्या बाजूला जन्मले. आईंना नकोत, पुन्हा पापडच!

कोथरूडकर: बोल ठरला. आई विचारतेय, वर लिंबू पिळून मिळेल का?