‘खालसा’, ‘विलीनीकरण’ की ‘मांडलिक’? अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियासाठी नेमका शब्द

सांगलीहून प्रश्न: राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी करतेय. जॉर्जियातल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया या फुटीर प्रांतांचं रशिया पुढे काय करणार, यावर वाचताना कुठे ‘विलीनीकरण’ दिसतं, कुठे ‘सामीलीकरण’, कुठे सरळ ‘गिळंकृत’. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

साताऱ्याहून: ताई, अजिबात नाही. आपल्या दोन जिल्ह्यांच्या इतिहासातच हे शब्द वेगवेगळे वापरून झालेत. १८१९च्या तहाने कंपनीने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याची गादी दिली, पण बाहेरच्या सत्तेशी परस्पर बोलायची मुभा ठेवली नाही. गादी आपली, लगाम दुसऱ्याच्या हाती, हे मांडलिकपण. १८४८मध्ये प्रतापसिंहांनंतर गादीवर आलेले त्यांचे भाऊ शहाजीराजे वारले, त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि राज्य खालसा झालं. मधल्या जहागीरदाराकडे न जाता ज्या मुलखाचा वसूल थेट सरकारात जमा होतो, तो ‘खालसा’ मुलूख. म्हणजे मधला धनीच उरत नाही. तुमचं सांगली संस्थान मात्र १९४८मध्ये मुंबई प्रांतात आलं ते विलीनीकरणाने. तिथे निदान कागदावर तरी येणाऱ्याची सही लागते.

आता हेच रशियाला लावून बघा. ऑगस्ट २००८मध्ये जॉर्जियाशी पाच दिवसांचं युद्ध झालं आणि २६ ऑगस्टला रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष मेदवेदेव यांनी दोन्ही प्रांतांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. रशियापाठोपाठ मान्यता देणारे देश बोटांवर मोजण्याइतके: निकाराग्वा, व्हेनेझुएला, नाउरू, सीरिया. भारताने दिलेली नाही. तिथे फौज रशियाची, अंदाजपत्रकाला मोठा आधार रशियाचा, बहुतेकांच्या खिशात पासपोर्टही रशियाचा. नोव्हेंबर २०१४मध्ये अबखाझियाशी आणि मार्च २०१५मध्ये दक्षिण ओसेतियाशी झालेल्या करारांनी ही गाठ आणखी आवळली. माझ्या मते आजच्या स्थितीला ‘मांडलिक’ हाच शब्द. युक्रेनच्या क्रिमियाला तो चालणार नाही. मार्च २०१४मध्ये रशियाने तो खालसा केला, कागदावर सार्वमत असलं तरी. पूर्व युक्रेनमधल्या डोनेत्स्क आणि लुहान्स्कला २१ फेब्रुवारी २०२२ला रशियाची मान्यता मिळाली आणि ३० सप्टेंबरला ते रशियाला जोडूनही टाकले. तिथे जे सात महिन्यांत उरकलं, ते जॉर्जियाच्या बाबतीत इतकी वर्षं का टाळलं, सगळे तर्क या प्रश्नाभोवती फिरतात. मला वाटतं, लोंबकळत ठेवलेले प्रांत मॉस्कोला जास्त उपयोगी आहेत. एप्रिल २००८मध्ये बुखारेस्टला नाटोने जॉर्जियाला सदस्यत्वाचा शब्द दिला. सीमेचा वाद जिवंत असेपर्यंत तो शब्द पाळणं अवघड.

वाईहून: ‘फुटीर’वर माझा आक्षेप आहे. हा शब्द घरच्या धन्याच्या तोंडचा. अबखाझ माणूस स्वतःला फुटीर म्हणवून घेणार नाही. आणि जॉर्जियाही आता तो पुरेसा मानत नाही. २००८च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी कायदाच केला, त्यात हे ‘व्याप्त प्रदेश’ आहेत. ‘पाकव्याप्त काश्मीर’मुळे हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. जॉर्जियाची बाजू मांडताना ‘रशियाव्याप्त’ लिहावं. २००८च्या आधीचं लिहिताना ‘फुटीर’ खपेल.

कराडहून: सर, दोन्ही प्रांत एकाच शब्दात बसवू नका. दक्षिण ओसेतियाची भाऊबंदकी डोंगरापलीकडे, रशियातल्या उत्तर ओसेतियात आहे. दक्षिण ओसेतियाच्या पुढाऱ्यांनीच २०२२मध्ये रशियात जाण्यासाठी १७ जुलैला सार्वमत जाहीर केलं होतं. नव्या अध्यक्षांनी मेअखेरीस ते स्थगित केलं, कारण दिलं मॉस्कोशी सल्लामसलतीचं. अबखाझियाची गोष्ट निराळी. नोव्हेंबर २०२४मध्ये रशियन गुंतवणुकीच्या कराराविरुद्ध लोक राजधानी सुखुमीतल्या संसदेत घुसले आणि अध्यक्ष बझानिया यांना राजीनामा द्यावा लागला. जमिनी रशियन पैशाखाली जातील ही भीती होती. त्यांना जॉर्जिया नको आहे, पण रशियात विरघळायचंही नाही. उद्या त्यांना ओढून नेलं, तर त्याला विलीनीकरण म्हणणं मला पटणार नाही.

आणखी एक. मथळ्यांत ‘पुतिन यांचा डाव’ येतं. डाव म्हटलं की चाल ठरलेली आहे, खेळणारा कपटी आहे, हे आधीच धरलं जातं. बखरी-पत्रांतला ‘मनसुबा’ इथे चपखल बसतो: मनात योजलेलं, अजून अमलात न आलेलं.

वाईहून: ‘मनसुबा’ मान्य. पण सार्वमताबद्दल एक विसरू नका. १९९२-९३च्या युद्धात दोन लाखांहून अधिक जॉर्जियन अबखाझियातून परागंदा झाले. त्यांना वगळून घेतलेल्या मताला ‘सर्व’ कसं लावायचं? गोव्यात १९६७ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, हे विचारलं गेलं त्याला ‘जनमत कौल’ म्हणाले, आणि लोकांनी नाही म्हटलं तेव्हा ते मानलं गेलं.

सांगलीहून: मग असं लिहू का? “दक्षिण ओसेतियाच्या विलीनीकरणाचा रशियाचा मनसुबा असावा, असे काही अभ्यासक मानतात, मांडलिक अबखाझिया मात्र त्यास विरोध करील.”

साताऱ्याहून: चांगलं आहे. फक्त ‘विरोध करील’ऐवजी ‘विरोध करण्याची शक्यता अधिक’ लिहा. पुढचं कोणी पाहिलेलं नाही, आणि २०२४मध्ये जे लोक रस्त्यावर उतरले त्यांचाच पेन्शन-पगार बऱ्याच अंशी रशियाकडून येतो.