ठरावीक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द नेमके कसे शोधायचे?

अक्षरजुळणी: स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल पटावर लावून शब्द करायचा खेळ) आणि वर्डल (पाच अक्षरी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ), दोन्हींसाठी विचारतो आहे. शब्दयादीची फाइल संगणकावर आहे, ग्रेप (फाइलमधून पॅटर्नला जुळणाऱ्या ओळी काढणारी आज्ञा) आणि एक्सेल जुजबी येतं. 'के' आणि 'डब्ल्यू' दोन्ही असलेले शब्द हवेत म्हणून 'के', मग .*, मग 'डब्ल्यू' असा पॅटर्न दिला, तर के-एन-ओ-डब्ल्यू मिळतो, पण डब्ल्यू-ओ-आर-के निसटतो. पाच अक्षरी शब्दांसाठी ^.....$ दिलं (टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, $ म्हणजे शेवट), तर चार अक्षरी शब्दच येतात. शिवाय यादीत असलेले काही शब्द खेळ स्वीकारत नाही. आणि हातात 'क्यू' असून 'यू' नसेल तर काय लावायचं?

चाळणीवाला: .* म्हणजे 'मधे काहीही चालेल', पण क्रम ठरलेलाच राहतो. क्रम माहीत नसेल तर एकाच पॅटर्नमध्ये सगळं कोंबू नका, चाळण्या एकाखाली एक लावा. पहिल्या ग्रेपने 'के' असलेले शब्द काढायचे, मधे | टाकून ते दुसऱ्या ग्रेपकडे द्यायचे, तिथे 'डब्ल्यू'. एखादं अक्षर नको असेल तर पुढच्या ग्रेपला 'उणे व्ही' (-v) हा पर्याय लावून चाळणी उलटी करायची. एक्सेलमध्ये टेक्स्ट फिल्टर, कस्टम फिल्टर, दोन्ही ओळींत 'कन्टेन्स' आणि मधे 'अँड'. तिथे दोनच अटी बसतात. तिसरी हवी असेल तर गाळलेली यादी नव्या शीटवर चिकटवून पुन्हा गाळा.

पाच टिंबांना चार अक्षरी शब्द येतात तेव्हा फाइल बहुतेक विंडोजवर सेव्ह केलेली असते. तिच्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न असतं, त्यामुळे पाच अक्षरी शब्द ग्रेपला सहाचा दिसतो. 'डॉस-टू-युनिक्स' या छोट्या प्रोग्रॅममधून फाइल एकदा काढली की प्रश्न मिटतो.

शब्द नाकारले जाण्याचं कारण यादीत आहे. लिनक्ससोबत येणारी यादी खेळासाठी बनवलेलीच नाही. तिच्यात विशेषनामं आणि अपॉस्ट्रॉफीवाली रूपं असतात. स्क्रॅबलच्या मुख्य याद्या दोन: अमेरिका-कॅनडात नॉर्थ अमेरिकन यादी, बाकी जगात बहुतेक ठिकाणी कॉलिन्स. फरक लहान नाही. दोन अक्षरी शब्द कॉलिन्सच्या २०१९च्या आवृत्तीत १२७, तर नॉर्थ अमेरिकन २०१८च्या आवृत्तीत १०७. झेड-ओ कॉलिन्समध्ये चालतो, तिकडे नाही. आधी यादी ठरवा, मगच पाठांतराला बसा.

पाचवी चौकट: वर्डलमध्ये पिवळा म्हणजे अक्षर आहे पण दुसऱ्या घरात, राखाडी म्हणजे नाही. लोक हमखास फसतात ते दुहेरी अक्षरात. उत्तर ए-बी-आय-डी-ई आहे आणि तुम्ही एस-पी-ई-ई-डी लिहिलंत असं धरा. पहिला 'ई' पिवळा होतो, दुसरा 'ई' राखाडी आणि 'डी' पिवळा. राखाडी दिसला म्हणून 'ई'ला उलट्या चाळणीत टाकलंत की बरोबर उत्तरच यादीतून जातं. इथे राखाडीचा अर्थ 'दुसरा ई नाही' एवढाच. म्हणजे 'ई' नेमका एक, तोही तिसऱ्या-चौथ्या घरात नाही. 'डी' आहे, पण पाचव्या घरात नाही.

पिवळ्याच्या दोन अटी असतात, 'आहे' आणि 'इथे नाही'. दुसरी लिहायची राहते म्हणून यादी फुगते. इथे तिसऱ्या घरासाठी पॅटर्न असा: ^ नंतर दोन टिंबं, मग चौकटी कंसात ^ आणि 'ई', मग दोन टिंबं आणि $. कंसाच्या आतला ^ म्हणजे 'हे सोडून', बाहेरचा म्हणजे 'शब्दाची सुरुवात'. चिन्ह एकच, अर्थ वेगळे.

सात टाइल: 'यू'शिवायच्या 'क्यू'साठी सगळ्यात आधी क्यू-आय. दोन्ही याद्यांत चालतो. 'क्यू' तिप्पट-अक्षराच्या घरावर पडून आडवा-उभा दोन्हीकडे क्यू-आय झाला, तर प्रत्येकी ३१, एकूण ६२ गुण. मग क्यू-ए-टी, क्यू-ए-आय-डी, क्यू-ओ-पी-एच. एफ-ए-क्यू-आय-आर तर आपला फकीरच, लक्षात ठेवायला वेळ लागत नाही. कॉलिन्सवर खेळत असाल तर क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, म्हणजे कव्वालीसुद्धा. एस-यू-क्यू विसरू नका. त्यात 'यू' आहे, पण 'क्यू'च्या आधी, म्हणून 'क्यू-यू' शोधणाऱ्याला तो दिसत नाही. उलट 'व्ही' हातात असेल तर दोन अक्षरी शब्द आठवत बसू नका, दोन्ही याद्यांत एकही नाही.

टाइलवरून शब्द काढायला वरच्या चाळण्या पुरत नाहीत. चाळणी 'आहे की नाही' एवढंच पाहते, किती वेळा आहे ते नाही. हातात एकच 'ई' असताना ती दोन 'ई'चे शब्दही देते. त्यासाठी प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून शेजारच्या रकान्यात ठेवायची, ती त्या शब्दाची किल्ली. एस-आय-एल-ई-एन-टी, एल-आय-एस-टी-ई-एन आणि टी-आय-एन-एस-ई-एल, तिघांचीही किल्ली ई-आय-एल-एन-एस-टी. हातातल्या अक्षरांची किल्ली करून रकान्यात शोधली की सगळी भावंडं एकदम सापडतात.

अक्षरजुळणी: आणि हातातल्या सात टाइलमध्ये एक ब्लँक (कुठलंही अक्षर मानता येणारी कोरी टाइल) असेल तर?

सात टाइल: उरलेल्या सहात 'ए' ते 'झेड' एकेक घालून २६ किल्ल्या करायच्या. आर-ई-टी-आय-एन-ए अशी सहा असतील, तर 'सी'ने सर्टन, 'डी'ने ट्रेन्ड, 'जी'ने ग्रॅनाइट, 'के'ने केराटिन, 'एम'ने मिनरेट, 'पी'ने पेंटर. ब्लँकला गुण शून्य, पण सातही टाइल एकदम लागल्याचे ५० मिळतात. म्हणून ब्लँक दोन-तीन अक्षरी शब्दावर खर्चू नका. पटावरचं एखादं अक्षर धरून आठ अक्षरी शब्द बसतो का तेही बघायचं असेल, तर ते अक्षर आधी सहात मिळवा आणि मग २६ किल्ल्या करा.